मधला हंगाम

"सध्या काय करतेस?" हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारलाय की त्याची दोन उत्तरं तयारच ठेवलीत. नातेवाइकांना सांगते, "एक्स्पोर्टमध्ये आहे." मैत्रिणींना सांगते, "ब्रेक घेतलाय." खरं म्हणजे मी द्राक्षांच्या पेट्यांवर स्टिकर लावत होते आणि त्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होते.

झालं असं, की पुण्यात एका कंपनीत मी अकाउंट्सला कंत्राटावर होते. सप्टेंबरमध्ये कंत्राट संपलं आणि पुढचं आलंच नाही. रूम सोडली आणि दोन बॅगा, पुस्तकांचा एक खोका घेऊन पिंपळगाव बसवंतला घरी आले. पहिला महिना सुट्टीसारखा गेला. दुसऱ्या महिन्यात आईनं शेजारच्या काकूंना माझ्याबद्दल हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात शैक्षणिक कर्जाच्या ४,२०० रुपयांच्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा खात्यात ३,१०० होते.

जानेवारीत पप्पांच्या ओळखीतल्या एका पॅकहाऊसला डेटा एन्ट्रीसाठी मुलगी हवी होती. पगार १४,०००. मार्चअखेर हंगाम संपला की काम संपणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. मी हो म्हणाले.

पॅकहाऊस बाहेरून साधी शेड दिसते. आत मात्र डोक्याला टोपी, हातात मोजे, आणि फोन लॉकरमध्ये. बागेतून क्रेट येतात. लांबलचक टेबलांशी उभ्या असलेल्या बायका घड देठानं उचलतात. मण्याला बोट लावायचं नाही, कारण त्यावरची पांढरट पावडर पुसली गेली की माल हाताळलेला दिसतो. बारीक कात्रीनं तडकलेले, डागाळलेले मणी काढायचे. मग पाचशे-पाचशे ग्रॅमचे डबे, असे दहा डबे एका पेटीत. पेट्या प्रीकूलिंगला जातात, तिथून शून्य अंशाच्या आसपासच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणि शेवटी कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरात. प्रत्येक पेटीवर ती कुठल्या बागेतली आहे त्याचा नोंदणी क्रमांक. युरोपातल्या दुकानात काही खोट निघाली तर निफाड तालुक्यातल्या नेमक्या त्या बागेपर्यंत मागे येता आलं पाहिजे. तो क्रमांक बरोबर जातोय ना, हे बघणं माझं काम.

काम लागल्यावर मी कपाटाच्या दारावर एक वेळापत्रक चिकटवलं. सकाळी सहा ते सात वाचन. रात्री नऊ ते दहा स्केचिंग. रविवारी नोकरीचे अर्ज. पुण्यात असताना मी शनिवारी सारसबागेत बसून बॉलपेननं माणसं काढायचे, ते बंद पडायला नको होतं. वाचनासाठी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलं. १८४० मध्ये सुरू झालेलं वाचनालय आहे हे. जवळजवळ दोनशे वर्षांत तिथं किती बेकार पोरं येऊन बसली असतील, असं वाटून मला उगीचच धीर आला.

वेळापत्रक नऊ दिवस टिकलं. माल जास्त असला की रात्रीचे अकरा वाजायचे. घरी येऊन वही उघडली तर हात पेन धरायला तयार नसायचा. पुस्तक उघडलं की चौथ्या ओळीला डोळे मिटायचे. नोकरी करून वाचन, चित्रं, सगळं जमवणाऱ्यांच्या रील्स मी जेवताना बघायचे आणि ताट तसंच बाजूला सरकवायचे. पहाटे चारला उठणारी ही माणसं रात्री झोपतात कधी, हे कुणी सांगत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईच्या एका फर्मचा फोन आला. मी कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या मोजत होते आणि फोन लॉकरमध्ये होता. तीन मिस्ड कॉल. रात्री साडेदहाला बघितले. सकाळी नऊच्या ठोक्याला फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "काल संध्याकाळीच फायनल झालं." महिना ३२,००० ची नोकरी होती. त्या दिवशी मी दोन पेट्यांवर चुकीचा क्रमांक लावला आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. घरी कुणाला काही सांगितलं नाही. वेळापत्रक फाडलं. वाटलं, कर्ज डोक्यावर असताना चित्रं आणि कादंबऱ्या हे लाड आहेत. ज्याचं बस्तान बसलंय त्यानं करावेत.

आठवडाभर ना पुस्तक, ना पेन. आणि मला वाटलं होतं तसं त्यानं काहीच वाचलं नाही. वेळ उरला नाही, झोप वाढली नाही, जास्त अर्जही झाले नाहीत. तो तास फोनवर अंगठा फिरवण्यात गेला.

पुन्हा सुरुवात झाली ती जेवणाच्या सुट्टीत. दबलेल्या पेट्यांचे पुठ्ठे मागच्या बाजूला पडलेले असायचे. एकाच्या कोऱ्या बाजूवर मी स्टिकर मोजायच्या पेननं समोरच्या मावशींचे हात काढले. मावशी सोळा वर्षं हेच काम करतात. कात्री आणि घड धरलेले ते हात मी रोज बघत होते, पण काढायला बसले तेव्हा कळलं, उजव्या अंगठ्याच्या पेरावर कात्रीचा घट्टा आहे.

मावशींनी पुठ्ठा हिसकावून घेतला. बराच वेळ बघितला.

"काय गं पोरी, माझे हात एवढे म्हातारे दिसत्यात?"

मी गडबडले. त्या हसल्या. "राहू दे. खरंच हायेत. पर आता तोंड काढ, आणि ते जरा तरणं काढ."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी येऊन बसल्या. वीस मिनिटांच्या सुट्टीत एक चेहरा, एवढंच. वाचनाचंही तसंच झालं. न्यायला येणाऱ्या पिकअपमध्ये पंचवीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली. १९५५ ची कादंबरी, एका तरुण मास्तराची. तो धनगरांच्या वाडीवर नोकरीला जातो, वाडी त्याची होते आणि मग दुष्काळ पडतो, वाडी उठते, त्यालाही निघावं लागतं. तिथली त्याची नोकरी संपते. पण तिथं त्यानं बघितलेलं वाया गेलं, असं ते पुस्तक संपवून कुणी म्हणेल असं वाटत नाही. माडगूळकर स्वतः चित्रंही काढायचे, हे मला आधीपासून माहीत होतं. पिकअपमध्ये वाचताना ते पानोपानी जाणवलं.

मार्चअखेर हंगाम संपला. पप्पांनी आमच्या एकरभर बागेची खरड छाटणी केली. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फळ येतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसत्या काड्या वाढतात. बघणाऱ्याला वाटतं, बाग रिकामी आहे. पण याच उन्हाळ्यात त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होत असतात. आता पाणी, खत चुकलं तर ऑक्टोबरमध्ये कितीही धावपळ केली तरी घड येत नाहीत.

हे ऐकून कुणालाही एक छान वाक्य सुचेल. मलाही सुचलं होतं. पण माणूस म्हणजे वेल नाही. वेलीला ऑक्टोबर नक्की येतो. मला येईलच, असं कुणी लिहून दिलेलं नाही. मी काड्यांची मोळी बांधत होते तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "रिकाम्या बागेलाच जास्त बघावं लागतं."

हिशोब सांगते. तीन हप्ते वेळेवर गेले. चार पुस्तकं वाचून झाली, एक अर्धवट परत केलं. एकोणीस चेहरे झाले, त्यातले सहा बरे. अर्ज सतरा, मुलाखती दोन, नोकरी नाही. हे आकडे आयुष्य बदलणारे नाहीत. तरी त्या आठवड्यापेक्षा, ज्यात मी काहीच केलं नाही, बरे आहेत.

शेवटच्या दिवशी मावशींनी त्यांचं चित्र मागून घेतलं, तरणं तोंडवालं नाही, हातांचं. "पोरीला दाखवते," म्हणाल्या. "तिला वाटतंय, आई नुसती द्राक्षं खाती तिथं."

सोमवारपासून नाशिकला एका सीएच्या ऑफिसात जायचंय. जुलैअखेरपर्यंत, रिटर्नची गर्दी असेतो. म्हणजे पुन्हा हंगामीच. फोन टेबलावर ठेवता येतो का, हे या वेळी आधीच विचारून घेतलंय. येतो. बॅगेत डबा, चार्जर आणि वाचनालयाचं पुस्तक भरलंय. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा तिथं मिळेलच, त्यामुळे पेन तेवढं घेतलंय.