एकच तबला, निराळे कान

ता. १५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तले. त्याच आठवड्यात एके दिवशी नववीच्या वर्गात शिरताच मोठा कलह कानी पडला. तबला शिकणारा एक विद्यार्थी म्हणत होता की, असा वादक पुन्हा होणे नाही. गिरगावातील गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ताशा वाजविणाऱ्या दुसऱ्यास ते मान्य नव्हते; जे वादन रस्त्याच्या पलीकडे पोहोचत नाही त्यात जोर तो कसला, असा त्याचा सवाल होता. तिसरा ड्रम्सचा भक्त. दोन हात व दोन पाय मिळून जे वाजते तेच खरे तालवाद्य, असे त्याचे मत. अखेर सर्वांनी मजकडे पाहिले. "सर, तुम्हीच सांगा, कोणाचे खरे?"

निकाल माझ्या ओठांवर होता. परंतु तीस वर्षांपूर्वी असाच एक निकाल मी घरी दिला होता, त्याचे स्मरण झाले आणि मी थांबलो.

माझे वडील दर रविवारी उपासनेत भजनांस तबल्याची साथ करीत. उस्ताद अहमदजान थिरकवा हे त्यांचे आदर्श. थिरकवा खाँसाहेब मुंबईत मुनीर खाँ यांच्यापाशी शिकले, पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथीस होते, आणि १९७६ साली वारले. तारुण्यात वडिलांनी त्यांस एकदा ऐकले होते. प्रत्येक बोल निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ व सुटा, असे ते सांगत.

मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो व झाकीर हुसेन यांच्या वादनाने भारून गेलो होतो. ते तबल्यावर धावती आगगाडी उभी करीत, डमरू घुमवीत, आणि श्रोते टाळ्यांचा कडकडाट करीत. वडिलांस ते रुचत नसे. ते म्हणत, "तबल्याला स्वतःची भाषा आहे. कायदा आहे, रेला आहे, गत आहे. त्याला आगगाडी व्हावयाची गरज काय?" एके रात्री मी उसळून म्हणालो, "बाबा, तुमच्या बोटांना ती गती साधत नाही, म्हणून तुम्ही त्यांना नावे ठेवता."

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तबल्यावर गवसणी चढविली व दिवा मालविला. रविवारी ते नेहमीप्रमाणे साथीस बसले. परंतु माझ्यासमोर झाकीर हुसेन यांचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

वडील गेल्यावर काही वर्षांनी पंडित शिवकुमार शर्मा यांच्या संतूरवादनाची एक ध्वनिमुद्रिका मी ऐकत होतो. साथीस झाकीर हुसेन होते. संतूरचा नाद मृदू. त्यावर तबला चढला तर तो नाद बुडून जावयाचा. येथे तर ठेका इतका हळुवार होता की, सम येई तेव्हाच तबल्याची जाणीव व्हावी. वडील ज्यास तबल्याची भाषा म्हणत, तीच ही. ज्या वादकावर त्यांचा आक्षेप होता त्याच्याच बोटांत ती होती. त्यांच्या कानी ती मी कधी घातली नव्हती. पुढे थिरकवा खाँसाहेबांची जुनी मुद्रिकाही मी प्रथमच लक्षपूर्वक ऐकली. तीत गतीचा दुष्काळ मुळीच नव्हता! आम्हा दोघांसही अर्धेच ऐकू आले होते.

आता वाटते, आगगाडीही व्यर्थ नव्हती. तीत बसूनच तर मी तबल्यापर्यंत आलो. वडिलांचे थिरकवासुद्धा मैफलीतून नाटकाच्या रंगभूमीवर आले होतेच. तरीही एकल वादन निराळे व साथ निराळी, हा वडिलांचा भेद मला आजही पटतो. त्यांचे मत चुकीचे नव्हते. माझेही सर्वस्वी चुकले नव्हते. चुकले ते एवढेच की, मतास उत्तर देण्याऐवजी मी माणसाच्या बोटांवर घाव घातला.

वर्गात मी निकाल दिला नाही. झाकीर हुसेन यांचे वडील उस्ताद अल्लारखा यांनी १९६८ साली अमेरिकेतील विख्यात जॅझ ड्रमवादक बडी रिच यांच्यासमवेत एक ध्वनिमुद्रिका केली होती, तेवढे मात्र सांगितले. एकाच्या हाती काठ्या, दुसऱ्याची उघडी बोटे. तरी दोघे एकत्र बसले. मग तिघांस एक काम दिले: प्रत्येकाने दुसऱ्याच्या आवडीचे वादन आठवडाभर ऐकावे व त्यातील एक गुण वर्गात सांगावा. ताशावाल्याने सांगितले, "सर, डग्ग्यावर तळहात सरकला की आवाज बोलल्यासारखा वळतो. ताशाला ते जमत नाही." त्याचे मत बदलले असे नाही, ताशाच थोर, हे त्याने लागलीच जोडले!

वडिलांच्या तबल्याची पुडी फाटली होती. ती मी या वर्षी बदलून घेतली. त्यांची क्षमा मागण्याचा दिवस मात्र निघून गेला. विद्यार्थिमित्रहो, मत अवश्य द्या व ठामपणे द्या; परंतु ज्याच्याशी वाद घालावयाचा त्याची आवड आधी पुरती ऐकून घ्या. तो मनुष्य घरात असेल, तर आजच ऐका.