ज्याची त्याची जागा

कोकणातील जुन्या घरात पाऊल टाकले, की तेथील भिंतीसुद्धा घरकामाला लागलेल्या दिसत. कोनाड्यात पणती तेवत असे. फडताळात लोणच्याच्या बरण्या ओळीने उभ्या असत. खुंटीवर उपरणे लोंबत असे आणि मांजराची नजर पोचली तरी पंजा पोचू नये, म्हणून दूधदुभते आढ्याला टांगलेल्या शिंक्यावर राही. मडक्यांची उतरंड थोरल्या मडक्यापासून आरंभ होऊन चिमुकल्या मडक्याशी संपे. वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तू माळ्यावर विसावत. अशा घरात कपाट एखादेच असे. परंतु ‘अमुक वस्तू कोठे आहे?’ असा प्रश्न क्वचितच कोणी विचारी. माणसांची नावे जशी सर्वांना पाठ असत, तशा वस्तूंच्या जागाही पाठ असत.

अशाच एका घरात जिचे आयुष्य गेले, ती आजी उतारवयात आपल्या मुलाकडे मुंबईस राहावयास आली. मुलाचे बिऱ्हाड वरळीच्या बी. डी. डी. चाळीत होते. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने कामगारांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ज्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात त्या भागात या चाळी बांधल्या. आता त्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत. त्या चाळींतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे. एवढ्याशा जागेत आजी, आईवडील, थोरली ताई, बारा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची धाकटी बहीण अशी सहा माणसे राहत. मुलांसाठी वेगळी खोली कोठून असणार? रात्री ट्रंकेवरच्या वळकट्या उलगडल्या, की तीच खोली निजण्याची होई. सकाळी वळकट्या गुंडाळल्या, की तीच अभ्यासाची, तीच स्वयंपाकाची आणि पाहुणे आले म्हणजे तीच बैठकीची!

मुलाच्या वाट्याला खिडकीखालचा एक कोपरा आला होता. दोन हात लांब आणि दीड हात रुंद. पण त्या इवल्याशा राज्यात मोठी बेबंदशाही होती. दप्तर, गोट्या, चिंचोके, कंपासपेटी, विटी-दांडू, तुटका पतंग आणि दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे यांचा तेथे ढीग पडलेला असे. पेन्सिल हवी असली, की सारा ढीग उपसावा लागे. आणि उपसलेला ढीग खोलीभर पसरे. “अरे, हे उचल,” असे आई म्हणाली, की त्याचे एकच उत्तर ठरलेले असे : “ठेवतो मग.”

आजीला काचबिंदू झाला होता. या विकारात बहुधा प्रथम कडेची दृष्टी हरपते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. आजीला समोरचे थोडेसे दिसे. पायाजवळचे आणि बाजूचे दिसत नसे. तरीही ती कोणावर भार टाकीत नसे. मुंबईस आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिने खोलीचा नकाशा हातापायांनी पाठ करून टाकला. अंथरुणापासून पाण्याचे पिंप सहा पावलांवर, पिंपापासून मोरी दोन पावलांवर. काड्यापेटी फळीच्या डाव्या कडेला आणि तिचा स्वतःचा चष्मा उशाच्या पेटीत. “माझे डोळे आता माझ्या बोटांत आहेत,” असे ती हसून म्हणे.

डिसेंबर १९७१ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध सुरू झाले. मुंबईत रात्री दिवे झाकले जाऊ लागले. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटले. भोंगा वाजला, की उरलासुरला उजेडही मालवावा लागे. अशा एका रात्री भोंगा वाजला आणि खोलीत मिट्ट काळोख झाला. धाकटी तापाने फणफणली होती. तिने पाणी मागितले. वडील उठले, तो ट्रंकेवर आपटले; आईचा हात काड्यापेटी शोधता शोधता पिठाच्या डब्यात गेला. तेव्हा आजी म्हणाली, “तुम्ही बसा. मला अंधार नवा नाही.” त्या घटकेला त्या घरात सगळे आंधळे झाले होते आणि एकटी आजी डोळस होती.

ती चालू लागली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाखाली काही तरी गोल वस्तू आली आणि घरंगळली. आजी धाडकन कोसळली.

तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही, असे बजावले. उजाडल्यावर वडिलांना ट्रंकेखाली एक लाकडी भोवरा सापडला. ते कोणास काही बोलले नाहीत. त्यांनी तो फक्त मुलासमोर ठेवला. आदल्या दुपारी त्याच्याशी खेळून झाल्यावर “ठेवतो मग” असे म्हणून मुलगा उठला होता. ते ‘मग’ आलेच नव्हते.

मुलाने भोवरा उचलला आणि तो कचऱ्याच्या डब्याकडे निघाला. त्याच्या पावलांच्या आवाजावरून आजीने ओळखले.

“काय टाकतोस?”

“भोवरा. मला नको तो.”

“त्याचा काय दोष? तो बिचारा वाटेत पडला होता, कारण त्याला घर नव्हते. बेघराला हाकलून द्यायचे नसते, बाळ. त्याला जागा द्यायची असते.”

मुलगा बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. नंतर तो आजीजवळ बसला आणि म्हणाला, “आजी, मला शिकव.”

पुढच्या रविवारी काम सुरू झाले. एक जुने लुगडे जमिनीवर अंथरून कोपऱ्यातील एकूण एक वस्तू त्यावर मांडण्यात आली. आजी भिंतीला टेकून बसली आणि डाव्या हाताने प्रत्येक वस्तू चाचपून एकच प्रश्न विचारू लागली : “ही केव्हा लागते?” रोज लागणाऱ्या वस्तूंचा एक ढीग झाला, आठवड्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्यांचा दुसरा आणि वर्षातून एकदा लागणाऱ्यांचा तिसरा. मोडक्या, निरुपयोगी वस्तूंचा चौथा ढीग सर्वांत मोठा निघाला! त्यात ताईची हरवलेली फुटपट्टीही निघाली आणि शेजारच्या मुलाचे पुस्तकही. दोन्ही ज्यांची त्यांना परत गेली.

“आता वस्तूंआधी माणसांची जागा मोज,” आजी म्हणाली. दारापासून मोरीपर्यंतची आणि अंथरुणांपासून पिंपापर्यंतची वाट मुलाने खडूने आखली. त्या वाटेवर काहीही ठेवायचे नाही, हा पहिला नियम ठरला. उरलेल्या जागेतच वस्तूंनी राहावयाचे.

वडिलांनी वाण्याकडून दोन देवदारी खोकी आणली. ती आडवी करून एकावर एक ठेवली आणि खिळ्यांनी जोडली, तेव्हा दोन खणांचे छोटेसे कपाट तयार झाले. खालच्या खणात जड पुस्तके गेली. त्यामुळे कपाट डळमळेना. वरच्या खणात रोजचे दप्तर आणि तीन रिकामे डबे बसले. कपाटाची उंची मुलाच्या कमरेइतकीच होती. धाकटीला आपली बाहुली कोणास न विचारता घेता यावी आणि न विचारता ठेवताही यावी, म्हणून आजीनेच ती उंची सांगितली होती. काड्यापेट्यांच्या नऊ रिकाम्या पेट्या तीन-तीनच्या ओळींत खळीने चिकटवून नऊ खणांची पेटी झाली. तिच्यात टाकांची निबे, टाचण्या आणि पोस्टाची तिकिटे राहू लागली. ताईने जुन्या लुगड्याच्या पट्टीला पाच कप्पे शिवून ती दारामागे टांगली. मोजे, रुमाल आणि कंगवा यांची तेथे सोय झाली. मातीचे मावळे भुशात निजवून खोक्यात भरले, खोक्यावर चिठ्ठी चिकटवली आणि ते माळ्यावर गेले. विटी-दांडूला भिंतीवर दोन खिळे मिळाले.

डब्यांवर कागदाची नावे चिकटवावी, असे मुलाच्या मनात होते. पण आजीला ती वाचता आली नसती. म्हणून त्याने पहिल्या डब्याच्या झाकणावर एक चिंचोका चिकटवला, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर तीन. एक चिंचोका म्हणजे खेळ, दोन म्हणजे लेखनाचे साहित्य, तीन म्हणजे सुई-दोरा आणि गुंड्या. भोवऱ्याला एका चिंचोक्याच्या डब्यात घर मिळाले.

ज्या गोष्टी त्या आजीने अनुभवाने जाणल्या, त्याच दूरच्या इटली देशात एका विदुषीने अभ्यासाने मांडल्या होत्या. १९०७ मध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोम शहराच्या गरीब वस्तीत ‘बालकांचे घर’ उघडले. तेथे मुलांच्या हाताला पोचतील अशी बुटकी कपाटे होती. प्रत्येक साहित्याची जागा ठरलेली होती आणि काम झाल्यावर ते तेथेच ठेवण्याचे काम मुलांचेच होते. मुलांना शिस्त नको असते, ही समजूत त्या घराने खोटी ठरविली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हा विचार खेड्यापाड्यांत नेला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साहित्यावाचून त्यांचे अडले नाही; शंख, शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनाच त्यांनी शिक्षणाचे साहित्य केले. व्यवस्थेला श्रीमंती लागत नाही, विचार लागतो, हे चाळीतल्या त्या चिंचोक्यांनीही दाखविलेच होते.

तथापि पंधरा दिवसांतच कोपऱ्यात पुन्हा पसारा दिसू लागला. पेन्सिली डब्याबाहेर, खोडरबर खिडकीत! मुलगा हिरमुसला. आजीने मात्र त्याला रागे भरले नाही. “डब्याचे झाकण कसे आहे?” तिने विचारले. झाकण घट्ट होते. ते दोन्ही हातांनी ओढावे लागे. “उघडायला कष्ट पडतात म्हणून तू वस्तू आत ठेवीत नाहीस. घ्यायला जितके सोपे, त्याहून ठेवायला सोपे हवे.” मुलाने त्या डब्याचे झाकण काढूनच टाकले आणि दोन चिंचोके डब्याच्या पोटावर चिकटवले. त्या दिवसापासून पेन्सिली आपोआप घरी जाऊ लागल्या. पुढे आणखी एक नियम झाला : नवी वस्तू घरात आणण्यापूर्वी ती कोठे राहील, हे आधी सांगायचे. जागा सांगता आली नाही, तर वस्तू दुकानातच बरी.

१६ डिसेंबरला युद्ध संपले. खिडक्यांवरचे काळे कागद निघाले. यथाकाळ आजीचे प्लॅस्टरही निघाले. मात्र थंडीत मनगट अधूनमधून दुखे, तेव्हा ती ते दुसऱ्या हाताने हळूच दाबीत असे. ते पाहिले, की मुलगा उठून एकवार खडूच्या वाटेवर नजर फिरवी. खडू कधीच पुसून गेला होता. वाट राहिली होती.

उन्हाळ्यातील एका रात्री अवचित वीज गेली. खोलीत पुन्हा तसाच मिट्ट काळोख झाला. आजी अंथरुणावरून उठली.

“आजी, थांब. मी पाणी आणतो,” मुलगा धडपडत म्हणाला.

“तू बैस,” आजी म्हणाली. “मला माझी वाट जाऊ दे.”

मुलगा श्वास रोखून ऐकू लागला. एक, दोन, तीन, चार. पाचवे पाऊल पडले, सहावे पडले. पिंपावरचे झाकण वाजले, भांड्यात पाण्याची धार पडली. मग पावले तशीच संथपणे परत फिरली. पण वाटेत, खिडकीपाशी, क्षणभर थांबली. डब्याचे झाकण निघाल्याचा बारीकसा आवाज आला.

दुसऱ्याच क्षणी मुलाच्या तळहातावर काही तरी गोल, गुळगुळीत वस्तू आली.

“घे तुझा भोवरा,” आजी अंधारातच हसली. “घरीच होता.”