किल्लारी, मिसिसिपी आणि माझं एक वाक्य

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, नांदेडच्या आमच्या घरात मांडणीवरची भांडी खणखणली. अम्मी कलमा पढत आम्हा भावंडांना अंगणात घेऊन आली. दिवस वर येईपर्यंत किल्लारी, सास्तूर ही नावं सगळ्यांच्या तोंडी झाली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. माणसं दमून झोपली होती.

वर्गात औसा तालुक्यातला एक मुलगा होता, मामाकडे राहून शिकायचा. त्याचे आजी-आजोबा माळवदाखाली गेले. महिन्याभरानं तो शाळेत आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "गुन्हे वाढले की जमीन हलते." मोठ्यांकडून ऐकलेलं वाक्य होतं. तो काही बोलला नाही, दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

पुढे नोकरीसाठी लातूरला आलो. अमेरिकेतल्या धर्माच्या इतिहासावर वाचताना तिथं न्यू मॅड्रिड भेटलं. डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२, मिसिसिपीच्या खोऱ्यात एकामागून एक भूकंप. नदी काही काळ उलटी वाहिली. घाबरलेली माणसं मेथडिस्ट चर्चकडे धावली, त्या भागात वर्षभरात सभासद झपाट्यानं वाढले. धक्के थांबल्यावर बरेच जण परत फिरले. अशांना लोक 'भूकंपी ख्रिस्ती' म्हणू लागले. (आपल्याकडेही संकटातले नमाजी असतातच की.) न्यूयॉर्कचे डॉक्टर सॅम्युएल मिचिल यांनी मात्र ठिकठिकाणचे वृत्तांत जमवून १८१५ साली छापले आणि कारण सापडलं नाही, हेही मान्य केलं.

तो भूकंप किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा. तरी माणसं थोडी गेली. वस्ती विरळ होती आणि घरं ओंडक्यांची, हलली तरी टिकणारी. आमच्याकडे दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं ओझं. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसं गेली. यात गुन्ह्यांचा हिशेब कुठं बसवायचा?

प्रेषितांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, त्याच्यासाठीच लागलं. प्रेषितांनी ते खोडून काढलं. सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणानं ग्रहण लागत नाही. मग नमाज पढायला सांगितली. ही हदीस मला लहानपणापासून माहीत होती. त्या दिवशी वर्गात ती आठवली नाही.

मागच्या वर्षी तो लातूरच्या बसस्टँडवर भेटला. चहा घेताना मी ते वाक्य काढलं, माफी मागितली.

"तू म्हणाला होतास होय?" तो म्हणाला. "माझ्या लक्षात नाही. तेव्हा सगळेच म्हणत होते."