‘रागा जॅझ स्टाईल’ : एका ध्वनिमुद्रिकेच्या अनेक आवृत्त्या

मुलुंड (पूर्व), मुंबई

चि. भाच्यास,

एकाच ध्वनिमुद्रणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या समोर आल्या, की त्यांतली कोणती कानाला गोड लागते यापेक्षा ती कशावरून उतरवली आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आणि चिरंजीवाच्या बोरिवलीहून आलेल्या पत्रात नेमका तोच विचारलेला नसल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. स्टुडिओत वादन टिपल्यावर त्याची जी अंतिम चुंबकीय फीत तयार होते तिला मास्टर टेप म्हणतात. त्या फितीवरचा आवाज तबकडीच्या खाचेत किंवा सीडीत नीट बसावा म्हणून त्याची पातळी, खर्ज आणि तार यांचा तोल ठरवणे म्हणजे मास्टरिंग, आणि हेच काम पुढे कधीतरी नव्या यंत्रांनी पुन्हा करणे म्हणजे रिमास्टरिंग. या व्याख्येत एक गोष्ट अध्याहृत असते, ती अशी की नवे काम मूळ फितीवरून झाले आहे. प्रत्यक्षात ‘रिमास्टर्ड’ हा शिक्का तशी कोणतीही हमी देत नाही. फीत हरवली, चिकटली किंवा कोणाला शोधायची तसदी घ्यावीशी वाटली नाही, तर बऱ्यापैकी अवस्थेतली जुनी तबकडी वाजवून तिच्यावरूनही नवी आवृत्ती काढता येते आणि वेष्टनावर शिक्का तोच मारता येतो.

चिरंजीवाने निवडलेली ध्वनिमुद्रिका या तपासणीला फार योग्य आहे. शंकर-जयकिशन यांनी १९६८ मध्ये एचएमव्हीसाठी केलेल्या ‘रागा जॅझ स्टाईल’मध्ये तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा रागांवरच्या अकरा छोट्या रचना आहेत, आणि त्यांत रईस खाँ यांच्या सतारीसमोर मुंबईच्या चित्रपटसंगीतातले कसलेले वादक उभे आहेत : सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, गिटारवर ॲनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, बासवर एडी ट्रॅव्हास, तबल्यावर रमाकांत आणि ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. दिवसा स्टुडिओत गाण्यांच्या साथीला बसणाऱ्या या मंडळींना एरवी दोन कडव्यांमधल्या चार ओळींपुरतीच मोकळीक मिळत असे. इथे त्यांची नावे पुढे आली, हेच या संग्रहाचे मोठे ऐतिहासिक महत्त्व आहे. शुद्ध जॅझच्या कसोटीवर त्यातल्या काही रचना जरा जास्त बेतलेल्या वाटतात, पण मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनचा सूर ऐकताना ती तक्रार फार वेळ टिकत नाही. तबकडीनंतर हे संगीत सीडीवर आले, ऑनलाइन आले आणि अलीकडे पुन्हा तबकडीवरही आले. म्हणजे तुलनेला सामग्री पुरेशी आहे.

स्रोताचा प्रश्न किती मूलभूत असतो, हे माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या इतिहासावरून कळते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत हे वादन १९५९च्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवशी टिपले गेले. त्यातल्या पहिल्या दिवशी मुख्य ध्वनिमुद्रण यंत्राची फीत किंचित हळू फिरत होती, त्यामुळे योग्य गतीच्या यंत्रावर वाजवताच ती जलद पळाली आणि पहिल्या बाजूच्या तीनही रचना मूळ स्वरापेक्षा चढ्या लागू लागल्या. तबकडीबरोबर आपापले वाद्य वाजवू पाहणाऱ्यांना हा फरक जाणवत असे, तरी चूक तीन दशकांहून अधिक काळ छापली जात राहिली. शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर त्याच वेळी घेतलेली सुरक्षा-प्रत योग्य गतीची असल्याचे ध्यानात आल्यावर १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ही सुधारणा कोणत्याही नव्या प्रक्रियेने झाली नाही. ती दुसरी फीत उघडल्याने झाली.

रागसंगीतात अशी चूक अधिकच लपून राहते. षड्ज कोणत्या उंचीवर ठेवायचा हे कलावंताच्या मर्जीवर असल्यामुळे सगळेच स्वर सारख्या प्रमाणात चढले किंवा उतरले, तरी त्यांचे आपसातले नाते बदलत नाही आणि राग मोडत नाही. बिघडते ती लय आणि वाद्याचा पोत. परंतु ‘रागा जॅझ स्टाईल’मध्ये पियानो आहे, आणि पियानोचे स्वर ठरीव असतात, त्यामुळे श्रोत्याच्या हाती एक मोजपट्टी येते. मोबाइलवरचा साधा ट्यूनर पियानोच्या ठळक सुरावर धरला आणि तो सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला, शिवाय सर्वच रचनांत तेवढाच सरकलेला आढळला, तर गतीविषयी शंका घेण्यास जागा आहे. पियानोच मुळात वेगळ्या उंचीला लावलेला असण्याची शक्यता उरते, म्हणून हा निकाल अंतिम न मानता दोन आवृत्त्यांतली तफावत मोजण्यापुरता वापरावा.

स्रोताचा याहून बोलका पुरावा तबकडीच्या भोकात सापडतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण होतो. तिचे भोक केसभर जरी मध्यापासून सरकलेले असले, तरी सुई एका फेऱ्यात एकदा आत आणि एकदा बाहेर ओढली जाते आणि लांबवलेला प्रत्येक स्वर दर १.८ सेकंदांनी चढतो-उतरतो. सतारीची मींड किंवा मियाँ मल्हारातल्या गंधाराचे आंदोलन चालू असताना हा दोष कानाला कळतही नाही, उलट वादनाचाच भाग वाटतो. मात्र पियानोला मींड नसते. पियानोचा दाबून धरलेला सूर घड्याळाच्या नियमाने डुलू लागला, आणि तोही सीडीवर किंवा मोबाइलवर, जिथे फिरणारी तबकडी मुळी नाहीच, तर ती आवृत्ती फितीवरून आलेली नसून कुठल्यातरी तबकडीवरून उतरवलेली आहे असे समजण्यास हरकत नाही. खरखर आणि टिकटिक संगणकाने पुसता येते. हे डुलणे मात्र सहसा तसेच राहून जाते.

दुसरी खूण भैरवीत मिळते, कारण ती संग्रहात शेवटी येते. तबकडी एकाच वेगाने फिरत असली तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. त्यामुळे तीच नादलहर आत येता येता दाटीवाटीने कोरावी लागते, तारस्वरांची धार कमी होते आणि ट्रम्पेटसारखे वाद्य चिरकू लागते. फितीवर असा कोणताही फरक नसतो. सीडीवरच्या भैरवीत तोडीच्या मानाने अशी झीज ऐकू आली, तर मूळ कोणते होते ते वेगळे सांगायला नको.

आता आवाज ‘स्वच्छ’ करण्याविषयी. सतारीच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित कललेला असतो, तिच्यावर तार घासत कंप पावते आणि मूळ स्वराभोवती उंच उपस्वरांचे जे झळाळते जाळे तयार होते त्याला जवारी म्हणतात. खालच्या तरफेच्या तारा त्यात भर घालतात. फितीची सूक्ष्म सरसर याच उंच पट्ट्यात पसरलेली असते. सरसर काढणारी संगणकप्रणाली शांत जागेचा नमुना घेते आणि त्याच्याशी जुळणारे सारे संपूर्ण ध्वनिमुद्रणातून वजा करते. तिला फितीचा आवाज आणि विझत चाललेली तरफ यांतला भेद कळत नाही. लेस्ली गुदिन्हो यांच्या झांजांची विरत जाणारी शेपटी याच कात्रीत सापडते. अशा आवृत्तीत स्वराचा आघात नीट ऐकू येतो, पण त्यामागची आस लवकर तुटते आणि जे उरते ते पाण्याखालून आल्यासारखे घुमते. तपासण्याची जागा ठरलेली आहे : प्रत्येक रचनेचा शेवट. तिथे शेवटचा सूर हळूहळू मावळतो की एकाएकी ठार शांततेत पडतो, एवढे ऐकले तरी पुरे. थोडी सरसर राहिलेली आवृत्ती ही दोषी आवृत्ती नव्हे. बहुतेक वेळा ती अधिक प्रामाणिक असते.

पातळी चढवण्याच्या खोडीविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर दाबून सगळेच मोठे करण्याची रीत १९९०च्या दशकात सीडीच्या धंद्यात बळावली, आणि मोठा आवाज पहिल्या ऐकण्यात नेहमीच चांगला वाटत असल्याने ती खपलीही. म्हणून दोन आवृत्त्या पडताळताना त्यांची पातळी आधी कानाने सारखी करून घ्यावी आणि कोणती कधी लावली हे घरातल्या दुसऱ्या माणसाला ठरवू द्यावे. लोकलचा मार्ग खिडकीखालून जात असेल आणि पंखा फिरत असेल, तर सूक्ष्म फरकांची चर्चा रात्री अकरानंतर हेडफोनवर करणे बरे.

तुलनेआधी स्वतःची तबकडीयंत्रणाही निर्दोष हवी. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली जुनी यंत्रे उपनगरांतल्या बऱ्याच घरांत आहेत, आणि त्यांना ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडला की काम झाले असा समज असतो. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. विजेच्या आवर्तनांवर गती ठरणारी, ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर इथल्या ५० हर्ट्झवर चालवली, तर तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी साधारण २७.८ फेरे घेते आणि सूर तीन अर्धस्वरांहून अधिक उतरतो. हे पाहण्यासाठी १८० रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती तबकडीवर ठेवून जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटखाली फिरवावी : रेघा स्थिर दिसल्या तर गती बरोबर, मागे सरकल्या तर कमी. पुष्कळशा एलईडी दिव्यांखाली हा प्रयोग जमत नाही, कारण ते विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत. याशिवाय पावसाळ्यात खाचांत धरणारी बुरशी ही मुंबईची खास देणगी आहे. तबकडी ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतल्याखेरीज तिच्या छपाईला नावे ठेवू नयेत.

राहिला खरेदीचा प्रश्न. दमदमच्या कारखान्यातून निघालेल्या एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांचा कच्चा माल आणि छपाई यांविषयी संग्राहकांत नेहमीच तक्रारी ऐकू येतात, आणि त्या सर्वस्वी खोट्या नाहीत. तरीही पहिल्या छपाईची, कमी वाजलेली, भोक मध्यावर असलेली प्रत मिळाली तर तिला पहिली पसंती द्यावी, कारण ती फीत ताजी असताना कोरली गेली. ती न मिळाल्यास, किंवा तिची किंमत केवळ दुर्मीळपणापोटी फुगवलेली असल्यास, मूळ फितीवरून काम झाल्याचे स्पष्ट शब्दांत छापणारी नवी तबकडी किंवा सीडी घ्यावी. स्रोताबद्दल मौन बाळगून फक्त तबकडीचे वजन ‘१८० ग्रॅम’ असल्याचे मिरवणाऱ्या आवृत्तीला पैसे देऊ नयेत. जाड तबकडीने आवाज सुधारतो याला फारसा आधार नाही. ऑनलाइन मिळणारी प्रत ओळख करून घेण्यापुरती उत्तम.

आवृत्त्यांच्या अशा तपासणीच्या नोंदी कोणीतरी पद्धतशीर करून ठेवायला हव्यात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आपल्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांच्या सूची आणि इतिहास यांचे मोलाचे काम केले आहे, पण लाँगप्लेच्या काळातल्या पुनर्प्रकाशनांची स्रोतनिहाय तपासणी हे अजून मोकळे शेत आहे. तेव्हा चिरंजीवाने ट्यूनर, चकती आणि वही घेऊन बसावे, अकराही रचनांच्या शेवटांची आणि पियानोच्या सुरांची नोंद आवृत्तीनिहाय करावी, आणि ती घेऊन एखाद्या रविवारी मुलुंडला यावे. इकडची जुनी प्रत धुऊन ठेवलेली आहे.

कळावे. आईवडिलांस नमस्कार.

मामा