मिंटबाई

मिंटबाईंना (म्हणजे लिनक्स मिंट या संगणकाच्या कार्यप्रणालीला) नाव विचारावं, तर दर खेपेला नवं सांगतात. २००६ साली आल्या तेव्हा आडा होत्या, मग बार्बरा झाल्या, मग कसांड्रा. २०२४ मध्ये व्हिल्मा, २०२५ मध्ये झारा. प्रत्येक आवृत्तीला बाईचंच नाव आणि तेही आकारान्त, हा त्यांच्या जन्मदात्याचा, क्लेमाँ लफेव्हरचा दंडक. घराणं लिनक्सचं, लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना मांडलेलं. त्या घराण्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लावणारी मंडळी पुष्कळ. मिंटबाईंचा वावर मात्र घरगुती. डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ; जन्मभर विंडोज वापरलेल्या माणसाचा हात आपोआप जिथे जातो, तिथेच सगळं.

बहुतेक घरांत त्या येतात दुसऱ्या कुणाच्या निवृत्तीनंतर. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि शिवाय यादीतलाच प्रोसेसर लागतो. दहा वर्षांचा धडधाकट लॅपटॉप तिथे दारातूनच परत. मिंटबाईंचं दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागेत भागतं, असं त्या म्हणतात. (दोन जीबीत ब्राउझरचे चार टॅब उघडून बघा, कसा दम लागतो. चार जीबी तरी द्यावी.) राहायला येण्याआधी त्या पेनड्राइव्हवरूनच चालून दाखवतात, नाही पटल्या, तर पेनड्राइव्ह काढा, जुनं सगळं जागच्या जागी.

आल्यावर त्या ओळख म्हणून फक्त नाव आणि पासवर्ड विचारतात. ईमेल नको, खातं नको. अपडेट आलं की कोपऱ्यात एक छोटी ढाल दिसते, तिकडे बघायचं की नाही हे तुमच्यावर. रात्री अकराला पोराचा प्रोजेक्ट छापायचा असताना ‘संगणक बंद करू नका’ असं बजावत निळा पडदा त्या लावत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात आणि खरे फोल्डर लपवलेले. विंडोजसाठी रचलेली ही लपवाछपवी मिंटबाईंना कळतच नाही. त्या खरे फोल्डर शांतपणे समोर मांडतात.

मॅकशी त्यांची तुलना करू नये. तो टापटिपीचा, पण स्वतःचंच यंत्र घेऊन येणारा. लाल बटण दाबून खिडकी मिटली तरी आत प्रोग्राम चालूच. ज्यांना परवडतं ते सुखी आहेत.

मिंटबाईंचं अडतं ते कागदपत्रांच्या जगात. टॅली त्यांच्याकडे सरळ येत नाही. जुन्या फॉन्टातली मराठी पत्रिका उघडली, तर अक्षरांचा चिवडा. वर्डमधला तक्ता त्यांच्याकडच्या लिबरऑफिसात कडेला सरकतो. डिजिटल सहीचं टोकन लावावं तर आधी ड्रायव्हर शोधा. यात दोष त्यांचा थोडा, बाकी जगाचा जास्त; पण विवरणपत्राची शेवटची तारीख हा हिशेब मानत नाही. म्हणून शहाणी घरं विंडोजला पुरतं घालवत नाहीत. एकाच डिस्कवर दोघांना खोल्या देतात, आणि सुरू होताना कुणाला बोलवायचं ते आपण ठरवतो.

तिथे भांडण एकच, घड्याळाचं. मिंटबाई यंत्रातलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतात, विंडोज तेच भारतीय वेळ म्हणून वाचतं. त्यामुळे संध्याकाळी सातला विंडोज उघडावं, तर दुपारचा दीड. साडेपाच तासांचा हा फरक मिटवायला विंडोजच्या बाजूनं रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. मिंटबाईंना एका ओळीची आज्ञा पुरते, आणि त्या आपलं घड्याळ बदलून घेतात.