सांगण्याचा सण

'पेसाह' या हिब्रू शब्दाला मराठीत 'वल्हांडण' हा प्रतिशब्द रूढ झाला तो बायबलच्या भाषांतरांतून. वलांडणे म्हणजे ओलांडणे. मिसर देशातील त्या रात्री मृत्यूने इस्राएलांची घरे ओलांडली, म्हणून हे वल्हांडण. शब्द अर्थाला नेमका आहे. परंतु ज्या मराठीभाषक बेने इस्रायलांनी हा सण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यांच्या घरातले नाव अगदी निराळे होते: 'अनाशी ढाकाचा सण'. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ते नोंदवून ठेवले आहे. आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्याचा सण, असा त्याचा अर्थ.

या नावात मोशे नाही, फारो नाही, दुभंगलेला समुद्र नाही. कोकणच्या किनाऱ्यावर घाण्याचा व्यवसाय करणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाजवळ ग्रंथ उरले नव्हते आणि हिब्रूही उरली नव्हती. आंबलेले वर्ज्य हा नियम तेवढा स्वयंपाकघरात जपला गेला असावा. कथा विसरली गेली, कृती राहिली. स्मृतीची ही चिवट रीत पाहून मन थक्क होते.

तरीही या सणाची आज्ञा केवळ वर्ज्य करण्याची नाही, सांगण्याची आहे. या रात्री वाचावयाच्या पोथीचे नाव 'हागादा', म्हणजेच कथन. घरातील सर्वांत लहान मुलाने विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी सांगावे, अशी तिची रचना. तिच्यात चार पुत्रांचे वर्णन आहे. त्यांतील चौथ्याला प्रश्नच विचारता येत नाही, आणि त्याला आपण होऊन सांगावयाचे असते.

एकोणिसाव्या शतकात हे सांगणे मराठीत आले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी धर्मशिक्षण दिले. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह हागादा निघाली, आणि १८७४ साली पुण्यात सचित्र आवृत्ती. पुण्याच्या प्रतीतील चित्रे युरोपीय नमुन्यांवर बेतलेली आहेत; पण बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मात्र लुगडे नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. मिसरमधून निघालेली ती माणसे अशी आपल्या ओसरीवर आली.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील बेने इस्रायली मंडळींच्या सेदेरला बसण्याचा योग मला लाभला. 'सेदेर' म्हणजे क्रम. पौर्णिमेची रात्र होती. ताटात बेखमीर भाकर, कडू भाजी, खजुराचे गोड सारण, अंडे. शेजारी अश्रूंची आठवण देणारे मिठाचे पाणी. दहा वर्षांच्या एका मुलीने चार प्रश्न हिब्रूत गाऊन म्हटले. मग तिच्या आजोबांनी जुनी मराठी प्रत उघडली आणि कीर्तनाला शोभेल अशा संथ स्वरात वाचू लागले. मध्येच ती म्हणाली, "आजोबा, दास्य म्हणजे काय हो?"

वाचन थांबले. आजोबांनी चष्मा काढला. "दुसऱ्याच्या मर्जीने उठायचं, दुसऱ्याच्या मर्जीने निजायचं, आणि त्याची सवय होऊन जायची," ते म्हणाले. मग पुन्हा वाचू लागले.

हा प्रश्न पोथीतील चारांपैकी नव्हता. मला मात्र त्या रात्रीचा खरा प्रश्न तोच वाटला. जी मराठी एकेकाळी हिब्रूचा अर्थ उलगडून सांगण्यासाठी आली, तिचाच अर्थ आता उलगडून सांगावा लागत होता. हागादेला हे अपरिचित नाही. तिचे कथन सुरू होते ते भुकेल्यांना दिलेल्या आमंत्रणाने, आणि ते आमंत्रण हिब्रूत नसून अरामी भाषेत, म्हणजे एके काळच्या बोलीत आहे. ऐकणाऱ्याला कळावे, हा तिचा जुनाच आग्रह आहे.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. भारतात आता काही हजार जण आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण दर्जाने भाषा टिकत नाही. बंगळुरूला वाढणाऱ्या माझ्या नातीला मी मराठी वाचून दाखवतो, तेव्हा तीही दर दोन ओळींनी मला अडवते. पूर्वी याने वाचनाची लय मोडते असे वाटे. आता वाटते, ती अडवते तोवर काळजीचे कारण नाही.

झाकलेल्या मडक्याने एक समाज शतकानुशतके सांभाळला, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण मडके सांगत नाही. सांगण्यासाठी माणूस लागतो, आणि त्याच्यासमोर विचारणारे एक मूल.