स्तनपुनर्रचना : यश कशाला म्हणावे?

कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रिया माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा केमोथेरपीविषयी, तपासण्यांविषयी मोकळेपणी बोलतात. ब्लाउज नीट बसत नाही, आरशासमोर उभे राहवत नाही, हे मात्र निघताना दाराशी थांबून हळूच सांगतात. "या वयात कशाला ही हौस, असं घरचे म्हणतात," असे एकीने मला सांगितले. वाचकहो, ही हौस नव्हे. म्हणूनच या शस्त्रक्रियेतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे.

नाभीखालची त्वचा व चरबी रक्तवाहिन्यांसह अलग करून छातीवर आणतात आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील वाहिन्यांना जोडतात. पूर्वी पोटाचा स्नायूही सोबत घेत. १९९४ मध्ये ॲलन आणि ट्रीस यांनी स्तनासाठी मांडलेल्या 'डीप' पद्धतीत तो जागीच राहतो. त्यामुळे पोटाची ताकद अधिक टिकते.

अनुभवी केंद्रांत १०० पैकी ९५हून अधिक वेळा ही ऊती जगते. पहिले दोन दिवस कसोटीचे. रक्तप्रवाह अडल्यास तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पुढे चरबीचा एखादा भाग कडक होऊन गाठ हाताला लागू शकते. ती तपासून घ्यावीच. ओटीपोटावर आडवा लांब व्रण राहतो. क्वचित फुगवटा किंवा हर्निया होतो. स्पर्शाची जाणीव सहसा पूर्वीसारखी परतत नाही. मात्र हा स्तन मऊ व उबदार असतो, वजनाबरोबर कमीजास्त होतो आणि इम्प्लांटसारखा कालांतराने बदलावा लागत नाही. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटण्याचा धोका वाढत नाही.

मिश्री, तंबाखू, धूम्रपान यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ती शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी सोडावीत. मधुमेह आटोक्यात आणावा. पोटाची ऊती अशी एकदाच वापरता येते, म्हणून रेडिएशन घ्यायचे असल्यास पुनर्रचना आधी की नंतर, हे सर्जनना आवर्जून विचारावे.

ऊती जगली, हे सर्जनचे यश. पदर सारखा न करता ती स्त्री चारचौघांत निःशंक वावरू लागली, हे तिचे यश. आणि पुनर्रचना नकोच, असे तिने ठरवले, तर तोही तितकाच पूर्ण निर्णय आहे. घरच्यांनी मत देण्यापूर्वी तिला काय हवे, एवढे विचारावे.